जुना लॅपटॉप आणि लिनक्स मिंट: सात महिन्यांनंतर काय चालतं, काय अडतं

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच आठवड्यात नाशिकरोडला हिशेब आणि मराठी टायपिंगच्या टेबलावर असलेल्या एका लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२.२, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, चढवलं. आता मे उलटत आलाय. यंत्र असं: इंटेल आय५-६२००यू, म्हणजे सहावी पिढी, ८ जीबी डीडीआर४ रॅम, मूळची फिरती हार्ड डिस्क काढून बसवलेली २४० जीबीची साटा एसएसडी. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे सरळ मार्गाने तिकडे जाता येत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. लॅपटॉपला मिंट अजिबात जड जात नाही. घोडं अडतं ते लॅपटॉपला जोडलेल्या वस्तूंपाशी: प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन (सही साठवलेली यूएसबी काडी) आणि जुन्या फाँटातल्या फायली. तेव्हा प्रोसेसर किती जुना हे बघत बसण्याआधी टेबलावर काय काय आहे त्याची यादी करा.

फिरती डिस्क तशीच ठेवून मिंट चढवलं तर चार दिवसांत "हेही हळूच आहे" म्हणत परत याल. वेगात सगळ्यात मोठा फरक एसएसडीने पडतो, मिंटचा नंबर त्यानंतर. रॅमचं गणित सोपं आहे. मिंटचा नेहमीचा सिनॅमन डेस्कटॉप सुरू होऊन शांत बसला की साधारण एक जीबी खातो, उरलेलं ब्राउझर खातो. ४ जीबीवर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घेतली तर थोडा श्वास मिळतो, पण आठ-दहा टॅब उघडले की तीच रडकथा. रॅम वाढवायची तर लॅपटॉपला डीडीआर४ लागते की डीडीआर३एल ते मागचं झाकण उघडून बघूनच दुकानात जा. सहाव्या पिढीत दोन्ही प्रकार आहेत आणि एकाची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

चढवताना तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिलं, विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर 'शट डाउन' करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही. मग मिंटमधून तिचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा तिचा भाग, फक्त वाचायला मिळतं, लिहायला नाही. दुसरं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. बऱ्याच लॅपटॉपांवर डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय पार्टिशनला हात लावू नका.

तिसरं सगळ्यात फसवं. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी बायोसमधली सोय) चालू ठेवून इन्स्टॉल करताना 'मल्टिमीडिया कोडेक'वर टिक केली की मिंट एक पासवर्ड ठरवायला सांगतं. पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि तो फक्त दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कुठलंही बटण दाबून 'एनरोल एमओके' निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. चहा आणायला उठलात की पडदा निघून जातो. मग बाहेरून बसवलेला वायफायचा ड्रायव्हर लोडच होत नाही आणि लोक वायफाय कार्डाला शिव्या घालत बसतात.

बाकी पायऱ्या सरळ आहेत. मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची) फाइल ३ जीबीच्या आसपास, त्यामुळे ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. एमजी रोडवर आता त्याहून लहान मिळतही नाही. फाइल धड उतरली का हे कळायला तिचा शा-२५६ बेरीज-आकडा मिंटच्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून बघा. मग रुफस किंवा एचर या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहा. बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होला सहसा एफ१२, एचपीला एफ९. आणि इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच अर्धा तास चालवून बघा: वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं, झाकण लावल्यावर झोपून परत उठणं, आणि प्रिंटर. तिथे जे चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालू लागेल ही आशा बाळगू नका.

आता मराठी. इथे सांगण्यासारखं बरंच आहे. मिंटच्या 'इनपुट मेथड' खिडकीत चिनी, जपानी, कोरियन, थाई अशा भाषा मांडलेल्या दिसतात, मराठी दिसत नाही. म्हणून मराठी येत नाही असं समजून लोक ब्राउझरमध्ये टाइप करून चिकटवत बसतात. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'आयबस-एम१७एन' हे पॅकेज घ्या, इनपुट मेथडमध्ये आयबस (भाषा बदलून टाइप करू देणारा प्रोग्राम) निवडा, लॉगआउट करून परत या. मग आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठीखाली इन्स्क्रिप्ट, इन्स्क्रिप्ट २, फोनेटिक, आयट्रान्स, रेमिंग्टन अशी रांग दिसते. गमभन या मराठी टायपिंगच्या पद्धतीची सवय असलेल्यांसाठी तोही पर्याय आहे. भाषा बदलायला सुपर आणि स्पेस. लॉगआउट न करता लगेच टाइप करायला गेलं तर काही प्रोग्राममध्ये मराठी उमटतं, काहींत नाही. तो बिघाड नव्हे, अर्धवट सुरू झालेलं आयबस आहे.

टायपिंग जमलं की खरी गंमत शोधताना कळते. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) स्वतंत्र आहे, २००८ साली ५.१ आवृत्तीत आलेलं. पण 'अ' टाइप करून त्यावर चंद्र दिला तरी पडद्यावर तेच दिसतं. डोळ्यांना एक, संगणकाला दोन. 'दऱ्या', 'तऱ्हा' यातल्या अर्ध्या र चंही तसंच: कुणी ऱ ला हलंत देऊन लिहितं, कुणी साध्या र् नंतर न दिसणारं जोडचिन्ह टाकून. फोनवरून आलेल्या यादीतला 'ॲडव्हान्स' लॅपटॉपवर शोधला की "सापडलं नाही", आणि नोंद समोर दिसत असते. मोठ्या यादीत हे होणारच. मिंटमधल्या लिबरऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारखे प्रोग्राम) 'फाइंड अँड रिप्लेस'ने एक रूप दुसऱ्यात बदलून घ्या आणि पुढे सगळीकडे एकच कळफलक ठेवा. विंडोजवरही हीच भानगड आहे, फक्त तिथे सगळं एकाच कळफलकावरून होत असल्याने ती लपून राहते.

आणखी एक बारीक गोष्ट, मराठी डोळ्याला खुपणारी. नोटो सान्स देवनागरी फाँटात 'ल' आणि 'श' आधी हिंदी वळणाचे दिसतात. मराठी वळणाची अक्षरं त्याच फाँटात आहेत, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. लिबरऑफिसच्या टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेसमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून तिथे मराठी निवडली की शेपटीचा ल जातो, आपला गाठीचा ल येतो. अर्जाचा कागद लगेच घरचा वाटतो.

मंगल किंवा निर्मला फाँटात केलेली वर्ड फाइल मिंटवर उघडली की बदली फाँट लागतो, ओळी लांबतात आणि एकपानी अर्ज दोन पानांवर जातो. पाठवायचं ते पीडीएफ करून पाठवा, मागवायचं तेही पीडीएफच मागवा. जुन्या श्री-लिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फायलींची गोष्ट वेगळी. त्यांत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा चढवलेला असतो. फाँट काढला की 'Ö' सारखी चिन्हं उरतात. एकदाच बसून युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला, कारण कन्व्हर्टर तिथेच चुकतो. पत्रिका आणि हँडबिलांचं रोजचं काम याच फाँटांत असेल, त्यासाठी डाँगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लागत असेल, तर मिंट विसरा. वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारी सोय) डाँगलशी झटापट करण्यात दिवस घालवण्यासारखं त्यात काही नाही.

प्रिंटर घेताना कुणी विचारत नाही की तो कुठली भाषा बोलतो. झेरॉक्सच्या टपरीपासून वकिलाच्या टेबलापर्यंत दिसणारे स्वस्त छोटे लेझर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरांच्या सर्रास चालणाऱ्या भाषा बोलत नाहीत. पान रंगवायचं काम ते संगणकाकडून करून घेतात आणि त्यांची बोली कंपनीच्या ड्रायव्हरलाच येते. यातल्या एका जातीचा लिनक्स ड्रायव्हर ३२-बिट काळातला आहे. एक सेवा मागे सतत चालू लागते, आणि तिला प्रिंटर 'एलपी०' या दारावर आहे असं सांगून ठेवलेलं असतं. प्रिंटर बंद करून चालू केला की तो कधी 'एलपी१' वर जाऊन बसतो. सेवा जुन्या दाराशी उभी, पान काही येत नाही. वायर काढून संगणक रीस्टार्ट केला की चालतं, म्हणून लोक वायरला दोष देतात. दुसऱ्या जातीत प्रिंटरला स्वतःचं फर्मवेअर लक्षात राहत नाही, दर वेळी चालू झाल्यावर संगणकाने ते भरवावं लागतं. हे काम एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचा प्लगइन करतो. एचपीलिपची आवृत्ती अपडेटमध्ये बदलली आणि प्लगइन जुनाच राहिला तर छपाई गुपचूप बंद. अशा वेळी प्लगइन परत उतरवा, प्रिंटर काढून नव्याने जोडण्याची गरज नाही.

नवा घ्यायचा असेल तर खोक्यावर 'एअरप्रिंट' शब्द शोधा. ज्या प्रिंटरला तो येतो त्याला मिंटवर ड्रायव्हर लागत नाही. एकाच वायफायवर आणला की तो स्वतःहून यादीत दिसतो. आयफोन नसला तरी हा शब्द आपल्या कामाचा.

टॅली विंडोजवरच चालतं, हे गृहीत धरा. डिजिटल सहीचं टोकनही तिथेच ठेवा. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळाला तरी पोर्टल आणि टोकन यांच्यामधला सहायक प्रोग्राम कुठे हटून बसेल सांगता येत नाही, आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला तो प्रयोग नको. एकल मालकीच्या धंद्याला जीएसटी रिटर्न ओटीपीवरच्या ईव्हीसीने, म्हणजे टोकनऐवजी फोनवर आलेल्या कोडने, भरता येतं, ते काम मिंटच्या ब्राउझरमध्ये विनातक्रार होतं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर टोकन लागतंच.

मग विंडोज ठेवायची कुठे? व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मिंटच्याच आत एका खिडकीत, ठेवायची तर ८ जीबीतले ४ तिला द्यावे लागतात, आणि टोकन आत दिसण्यासाठी आपलं नाव 'व्हीबॉक्सयूजर्स' गटात घालावं लागतं. ते विसरलं की यूएसबीची यादी रिकामी दिसते. या लॅपटॉपवर ड्युअल बूट ठेवलंय: दोन्ही सिस्टिम डिस्कवर, चालू करताना एक निवडायची. विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेटची घरगुती योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तेवढ्यात टॅलीची दुसरी सोय लावायला वेळ मिळतो.

ड्युअल बूटमध्ये घड्याळ पहिल्याच दिवशी चुकतं, तेही बरोबर साडेपाच तासांनी. मिंट मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच आकडेवारी स्थानिक समजून वाचते. सकाळचे दहा वाजलेले असताना विंडोजमध्ये साडेचार. बॅटरी गेली म्हणून सेल बदलू नका. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलच्या एका आज्ञेने मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवता येतं. आणि विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर मिंटचा मेनू दिसेनासा झाला तर ते पुसलं गेलेलं नसतं. बायोसमध्ये बूटचा क्रम बदललेला असतो, तो परत वर आणायचा.

एप्रिल-मेमध्ये वळवाचं आभाळ आलं की वीज जाते, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावापुरती. अचानक बंद पडल्यावर मिंटचं स्वतःचं ईएक्सटी४ पार्टिशन जर्नलमुळे (बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंद) पुढच्या बूटला स्वतःला सावरतं. विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन मात्र त्या वेळी उघडं असेल तर मिंट पुढच्या वेळी ते फक्त वाचायला देतं, आणि दुरुस्तीला विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क चालवावं लागतं. रोजच्या फायली म्हणूनच ईएक्सटी४ वर ठेवलेल्या बऱ्या.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. एच.२६४, व्हीपी९, एव्ही१ हे व्हिडिओ दाबून साठवायचे प्रकार. सहाव्या पिढीच्या चिपमध्ये एच.२६४ चं डिकोडिंग पक्कं आहे, व्हीपी९ चं अर्धवट. पूर्ण व्हीपी९ सातव्या पिढीपासून, एव्ही१ अकराव्यापासून. यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ पुढे करतं, भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा घुमतो. एच.२६४ मागवणारं एक्स्टेन्शन टाकलं की पंखा शांत. ओटीटीवर ४के मिळणार नाही, तसाही हा पडदा १०८० चाच आहे.

सातबाऱ्याचं एक काम मात्र अनपेक्षित सोपं झालं. पंधरा रुपयांचा डिजिटल सहीचा सातबारा मिंटच्या मूळच्या पीडीएफ वाचकात उघडतो, पण सही खरी की खोटी ते तो सांगत नाही. ऑक्युलर हा दुसरा पीडीएफ वाचक घ्या. ते फायरफॉक्सच्या प्रमाणपत्रांच्या साठ्यावर विसंबतं, म्हणून भारताच्या सीसीएचं (डिजिटल सह्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय) मूळ प्रमाणपत्र फायरफॉक्सच्या 'अथॉरिटीज'मध्ये आयात करावं लागतं. त्यानंतर सहीची पडताळणी होते.

शेवटी टाइमशिफ्ट. ते सिस्टिमची छायाप्रत ठेवतं, तुमच्या फायलींची नाही. हे न समजल्यामुळे माणसं निर्धास्त राहतात आणि डिस्क गेली की हिशेबही जातो. फायलींची प्रत वेगळी घ्या. दुसरं, २४० जीबीच्या त्याच डिस्कवर रोजच्या पाच, आठवड्याच्या तीन, महिन्याच्या दोन प्रती साठवायला सांगितल्या तर एके दिवशी डिस्क भरते आणि लॉगिनचा पडदा पासवर्ड घेऊन परत तिथेच येतो. रोजच्या दोन आणि आठवड्याची एक पुरे. अपडेट मॅनेजरमध्ये जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) आपोआप काढायची सोय आहे, तीही चालू करा. २२ मालिकेला अपडेट एप्रिल २०२९ पर्यंत मिळणार आहेत. मधल्या आवृत्त्यांवर जाताना टाइमशिफ्टची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची असेल तर ती डिस्क आधी ईएक्सटी४ करावी लागते, एनटीएफएस डिस्क टाइमशिफ्ट घेत नाही.