इंग्लिश पबचा रिव्ह्यू: जुने वासे नंतर बघा, आधी हँडपंप मोजा

इंग्लंडला फिरायला येणाऱ्या ओळखीपाळखीच्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सगळ्यात जुना पब कुठला, तिथे जायचंच. मला विचाराल तर पब किती जुना आहे ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट. नॉटिंगहॅमला किल्ल्याच्या कातळाला टेकून 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम' म्हणून पब आहे, भिंतीवर ठसठशीत ११८९ लिहिलंय, आणि त्याच गावात बेल आणि सॅल्यूटेशन असे आणखी दोन पब छाती ठोकून सांगतात की जुने आम्हीच. ट्रिपची आत्ताची इमारत साधारण सतराव्या शतकातली आहे, पण आतल्या काही खोल्या खरंच दगडात कोरलेल्या गुहा आहेत, आणि धुळीने माखलेलं एक जहाजाचं मॉडेल आहे, ते पुसणारा मरतो अशी दंतकथा, म्हणून काचेत ठेवलंय (साफसफाई टाळायला याहून भारी कारण मी ऐकलेलं नाही). जरूर जा, गुहा बघण्यासारख्याच आहेत. फक्त ११८९ वाचून पब चांगलाच असणार असं धरू नका, कारण पब चांगला की वाईट हे ठरतं तळघरात.

म्हणजे कसं, तर खरा इंग्लिश पब कास्क एलवर, म्हणजे पिंपातच मुरणाऱ्या बिअरवर चालतो. लागर वगैरे बिअर ब्रुअरीतूनच तयार होऊन गॅस भरून येते, नळ सोडला की झालं. कास्कमधली बिअर मात्र जिवंत असते, यीस्ट आतच असतं आणि पिंप पबच्या तळघरात आल्यावरही ती आंबत असते. पबवाल्याने ते पिंप नीट टेकवून ठेवायचं, कोंडलेला गॅस हळूहळू सोडायचा, गाळ खाली बसू द्यायचा, तापमान ११ ते १३ डिग्री ठेवायचं, आणि एकदा नळ ठोकला की साधारण तीन दिवसांत सगळं संपवायचं, कारण काउंटरवरचा हँडपंप हापसून जेवढी बिअर वर येते तेवढी हवा पिंपात शिरते आणि मग माल शिळा व्हायला लागतो.

आता हिशोब करा. फर्किन म्हणून जे पिंप असतं त्यात ७२ पाइंट मावतात, एक पाइंट म्हणजे ५६८ मिली. तीन दिवसांत संपवायचं तर एका हँडपंपामागे रोज २४ पाइंट खपले पाहिजेत. काउंटरवर आठ हँडपंप ओळीने चमकताना दिसले की लोक खूश होतात, वा काय व्हरायटी आहे, पण आठ पंप म्हणजे रोज १९२ पाइंट, आणि मंगळवारी संध्याकाळी आत चार म्हातारे आणि एक कुत्रा बसलाय, तर उरलेली बिअर पितंय कोण? अशा ठिकाणी आठातली निदान निम्मी तरी शिळी असणार. उलट दोनच पंप असलेला पण संध्याकाळी सहाला गजबजलेला पब दिसला तर डोळे झाकून आत शिरा. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ते पिंप संपलंय, आणि ते बघून मला तर बरंच वाटतं, माल हलतोय म्हणजे.

आणि प्लीज, बिअर गरम दिली म्हणून एक स्टार देऊ नका. ती गरम नसते, तळघराच्या तापमानाची असते, बर्फगार केली तर चवच मरते. मात्र व्हिनेगरसारखा आंबट वास आला किंवा तिचा स्वभावच गढूळ नसताना गढूळ आली, तर काउंटरवर जाऊन शांतपणे सांगा, चांगला पबवाला हुज्जत न घालता बदलून देतो. माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी परीक्षा. आधी घोटभर चव मागितली तरी चालतं, कोणी डोळे वटारत नाही. ही सगळी कास्कची भानगड सत्तरच्या दशकात मरायलाच टेकली होती, मोठ्या ब्रुअऱ्यांना गॅसवाली केग बिअर सोयीची होती, मग १९७१ मध्ये चार इंग्लिश मित्रांनी कास्क वाचवायला कॅम्रा ही संघटना काढली, आणि गंमत म्हणजे काढली आयर्लंडमधल्या एका बारमध्ये बसून.

बसायचं कसं वागायचं कसं याचं टेन्शन घेऊ नका. टेबलावर बसून वेटरची वाट बघत राहिलात तर बहुतेक पबमध्ये रात्र जाईल, उठून काउंटरला जायचं, ऑर्डर द्यायची, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही पण असते, आपल्या आधी कोण आलं ते आपण लक्षात ठेवायचं, आणि बारवाल्याने चुकून आपल्याला आधी विचारलं तर "आधी हे" म्हणून शेजारच्याकडे बोट दाखवायचं, त्याने जी इज्जत मिळते ती टिप देऊन मिळत नाही. टिप ड्रिंकवर देतही नाहीत तसंही. ग्रुपमध्ये असाल तर राउंड, म्हणजे आळीपाळीने एकेकाने सगळ्यांचं आणायचं, आणि आपली पाळी आली की नेमकं टॉयलेटला जाणारा माणूस लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

लंडनमध्ये एकच पब बघायचा असेल तर हॉल्बर्नचा 'प्रिन्सेस लुईस'. व्हिक्टोरियन काळातली सजावट, कोरीव काचा, टाइल्स, आणि मधल्या काउंटरभोवती लाकडी पार्टिशन टाकून केलेले छोटे छोटे कप्पे. म्हणजे गर्दीत असूनही आपली वेगळी खोली असल्यासारखं. गाणी नाहीत टीव्ही नाही, फक्त बोलण्याचा आवाज, आणि पबमध्ये मला हाच आवाज हवा असतो. सॅम्युएल स्मिथ या यॉर्कशायरच्या ब्रुअरीचा पब असल्याने त्यांचीच बिअर मिळते, बाकी ब्रँड शोधू नका. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण ऑफिस सुटल्यावर कप्प्यात शिरायला कोपरं वापरावी लागतात. तिथून चालत जाण्याजोगा 'लॅम्ब' आहे, त्याच्या काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला फिरणाऱ्या छोट्या काचा आहेत, जुन्या काळी वाढणाऱ्याला आपलं तोंड दिसू नये म्हणून. प्यायचं पण दिसायचं नाही, हा प्रकार आपल्याकडच्या कित्येकांना लगेच कळेल.

सदर्कचा 'जॉर्ज इन' बाहेरून अप्रतिम, १६७६ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेला, घोडागाड्यांच्या जमान्यातला लाकडी गॅलऱ्यांचा लंडनमधला हा एकच उरलाय आणि मालकी नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेची. उन्हाळ्यात अंगणात बसायला मस्त. चव बघायची असेल तर मी मात्र आतल्या गल्लीतला कुठलातरी बिननावाजलेला पब घेईन.

जेवणाचं थोडक्यात. मेनू एका पानात मावत नसेल तर सावध व्हा, पन्नास पदार्थ म्हणजे मायक्रोवेव्ह. रविवारचा रोस्ट खायचाच, यॉर्कशायर पुडिंग (गोड नसतं, पातळ पिठाचं भाजून फुगवलेलं), भाजलेले बटाटे, वरून ग्रेव्ही, बीफ नको असेल तर चिकन मिळतं, शाकाहारी लोकांच्या नशिबी बहुतेक वेळा नट रोस्ट, म्हणजे सुकामेवा वाटून भाजलेली वडी. टेबल आधी बुक करा आणि चार वाजता जाऊन रोस्ट मागू नका, संपलेला असतो. इतर दिवशी बऱ्याच किचनना दुपारी सुट्टी असते. दारू न पिणाऱ्यांनी बिनधास्त जावं, लाइम अँड सोडा घेऊन दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. लंडनला पाइंट सहा सात पाउंडांच्या घरात जातो, उत्तरेकडे बराच स्वस्त, आणि तिकडे वर दाट मलईसारखा फेसही देतात, तो दक्षिणेतल्या लोकांना फसवणूक वाटते. मला आवडतो.

आणि एक, बर्मिंगहॅमकडे जाणार असाल तर स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमविचचे देसी पब सोडू नका. याच स्मेदिकमध्ये साठच्या दशकात काही पब गोऱ्यांशिवाय इतरांना वाढत नव्हते किंवा वेगळ्या खोलीत बसवत होते, फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स ते बघायला मुद्दाम तिथे आला होता, आणि त्याच वर्षी सार्वजनिक जागी असा भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा झाला. आज त्याच भागातले कितीतरी पब पंजाबी मालकांनी चालवलेत. नाहीतर बंदच पडले असते. म्हातारे गोरे गिऱ्हाईक, फुटबॉलची मॅच, डार्ट्स, आणि किचनमधून तंदूरचा धूर. हे ट्रॅडिशनल नाही असं कोणी म्हटलं तर मी भांडेन, मालक नावाने ओळखतो, लोक रोज येतात, टेबलावर अनोळखी माणूस गप्पा मारायला लागतो, अजून काय पाहिजे. मिक्स्ड ग्रिल मागवा, लोखंडी तव्यावर चरचरत येतं, सोबत नान. दोघांत एकच घ्या, जास्त होतं.