मॅस्टोडॉनवर चौदा महिने: पडवीतले पतंग घेऊन केलेलं बिऱ्हाड

गेल्या वर्षी मिरगाच्या आसपास मी मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खातं उघडलं. मी सावंतवाडीला राहते. रात्री पडवीतल्या दिव्यावर येणाऱ्या पतंगांचे, म्हणजे फुलपाखरांच्या या भाऊबंदांचे, फोटो मी अकरा वर्षं काढते आहे. त्यातली नऊ वर्षं ते एका बड्या कंपनीच्या साईटवर टाकत होते. तिथं साडेपाच हजार लोक मला फॉलो करत होते. शेवटच्या वर्षी मैत्रिणी विचारायला लागल्या, "अगं, हल्ली काही टाकत नाहीस का?" मी रोज टाकत होते. त्यांच्यापर्यंत ते पोचतच नव्हतं. त्यांच्या स्क्रीनवर अनोळखी लोकांचे व्हिडिओ आणि जाहिराती यायच्या, आणि मला दर दोन दिवसांनी निरोप यायचा की पैसे भरा, तुमची पोस्ट जास्त लोकांना दाखवतो. ज्यांनी स्वतःहून मला फॉलो केलं, त्यांनाच माझा फोटो दिसावा म्हणून मी पैसे का भरायचे? तेव्हा निघायचं ठरवलं.

मॅस्टोडॉनचं नाव तसं जुनंच ऐकलेलं. २०१९च्या ऑक्टोबरअखेरीस सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं होतं. निमित्त होतं एका फोटोचं. १९३६ साली जर्मनीत गर्दीतला प्रत्येक जण नाझी सलाम ठोकत असताना हाताची घडी घालून उभा राहिलेला एकटा माणूस, बहुधा ऑगस्ट लँडमेसर. त्या रागापायी आपल्याकडचे पुष्कळ लोक मॅस्टोडॉनवर गेले, मीही गेले. आठ दिवसांत ओळखीचे सगळे परतले, त्यांच्यामागून मीही परतले. २०२२मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर पुन्हा तसंच झालं, तेही जगभर. लोंढा आला, आणि त्यातले बरेच जण ओसरले. माझ्या मते रागावून आलेला माणूस राग शांत झाला की परत जातो. या खेपेला मी टिकले, कारण मला तिथं पतंगांचं काम होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मॅस्टोडॉन ही एक साईट नाही. ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या प्रोग्रामरनं २०१६ साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर कुणीही आपल्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर, चालवू शकतो. आमच्याकडे गावात वाड्या असतात, तसं. प्रत्येक वाडीचे आपले रिवाज, आपला मानकरी, पण वाडीवाडीतून जाणारी पाणंद सगळ्यांची. त्या पाणंदीचं, म्हणजे सर्व्हरनी एकमेकांशी बोलायच्या समान पद्धतीचं, नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं २०१८च्या जानेवारीत तिला मान्यता दिली. जाहिराती नाहीत, आणि ज्यांना फॉलो केलं त्यांच्या पोस्टी वेळेच्या क्रमानं समोर येतात.

पुण्याच्या भाच्यानं बजावलं होतं, "मावशी, सर्व्हर कोण चालवतंय ते आधी बघ." मी नाव आवडलं म्हणून एक छोटा सर्व्हर निवडला. चार महिने उत्तम चाललं. ऑक्टोबरात एका सकाळी तो उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चालवणारा एकटाच होता, आणि त्यानं कुणाला काही न सांगता तो बंद केला होता. मॅस्टोडॉनवर बिऱ्हाड हलवता येतं, फॉलोअर आपोआप नव्या पत्त्यावर येतात, पण त्यासाठी जुना सर्व्हर चालू असावा लागतो. आणि पोस्टी तर कधीच सोबत येत नाहीत. माझ्या १६३ पोस्टी गेल्या.

फोटो माझ्याकडे होते, त्याचं दुःख नव्हतं. पण एका फोटोखाली केरळमधल्या एका अभ्यासकांनी दिसायला अगदी सारख्या अशा दोन जाती कशा ओळखायच्या ते सहा-सात उत्तरांत समजावलं होतं. पुढच्या पंखावरची रेघ कुठं वळते, कुठं तुटते, इतक्या बारकाईनं. ते मी कुठंही उतरवून ठेवलं नव्हतं. नवं खातं काढून त्यांना शोधलं, तर त्यांची उत्तरं त्यांच्या सर्व्हरवर शाबूत होती. माझे प्रश्न तेवढे गेले होते. प्रश्नांशिवायची ती उत्तरं एका संध्याकाळी बसून वहीत लिहून घेतली.

दुसरा सर्व्हर मात्र पारखून घेतला. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरना काही अटी पाळाव्या लागतात. रोजचा बॅकअप हवा, अडीअडचणीला सर्व्हर हाताळू शकेल असा आणखी एक तरी माणूस हवा, आणि बंद करायचा तर तीन महिने आधी कळवायला हवं. त्या यादीतलाच घेतला. दर महिन्याच्या एक तारखेला मी फॉलो करते त्या खात्यांची यादी उतरवून ठेवते आणि सर्व्हर चालवणाऱ्यांना दोनशे रुपये पाठवते. हे पैसे देताना मला जड जात नाही. कशाचे देते ते मला ठाऊक आहे.

आता ज्यासाठी मी हा अनुभव लिहायला घेतला, ते. मॅस्टोडॉनवर फोटोसोबत त्याचं वर्णन लिहायची पद्धत आहे, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. ही सोय इतरत्रही असते, पण इथं लोक ती मनापासून वापरतात, आणि जागाही पंधराशे अक्षरांची मिळते. मी सुरुवातीला लिहायचे, "हिरव्या-गुलाबी नक्षीचा सुंदर पतंग." एक दिवस एका वाचकांचं उत्तर आलं. ते जन्मापासून अंध आहेत. त्यांनी लिहिलं, "ताई, हिरवा आणि सुंदर या दोन्हीचा मला उपयोग नाही. केवढा आहे, कसा बसलाय, हाताला कसा लागेल, ते सांगा."

त्या रात्री दिव्यावर कण्हेरीवर वाढणारा हॉक मॉथ जातीचा पतंग आला होता. मी पट्टी लावून मोजलं आणि लिहिलं: "पंख पसरून साधारण दहा सेंटीमीटर, म्हणजे माझ्या तर्जनीपेक्षा लांब. भिंतीला पोट टेकून बसलाय, पंख मागं झुकलेले. अंग मधे जाड, शेपटाकडे निमुळतं. हात लावला तर मखमलीसारखं मऊ." त्यांचं उत्तर आलं: "आता कळलं." तेव्हापासून मी फोटो काढण्याआधी पतंग नीट बघते, कारण नंतर तो सांगायचा असतो.

त्याच पतंगाचा सुरवंट पुढं कण्हेरीवर सापडला. डोक्यामागं दोन मोठे निळे डोळे रंगवल्यासारखे ठिपके, पक्ष्यांना भिववायला. तो फोटो कुणी कुणी बूस्ट करत, म्हणजे आपल्या फॉलोअरना पुढं दाखवत, ग्रीसमधल्या एका बाईंपर्यंत गेला. त्यांच्या अंगणातही कण्हेर आहे आणि तिच्यावर हाच सुरवंट येतो. आता जुलैच्या अखेरीस जगभर पतंग-सप्ताह असतो, तेव्हा आम्ही दोघी आपापल्या अंगणातली नोंद एकमेकींना कळवतो.

उणिवाही सांगायला हव्यात. मराठी माणसं फार थोडी आहेत. माझ्या फोटोखाली मराठीत बोलणारे नियमित असे नऊ जण. पोस्टची भाषा मराठी निवडायला विसरू नका, म्हणजे भाषेनुसार पोस्टी गाळून वाचणाऱ्यांना ती सापडेल. दुसऱ्या सर्व्हरवरच्या पोस्टखालची सगळी उत्तरं आपल्याला दिसतीलच असं नाही. आवडल्याची चांदणी दिल्यानं पोस्ट पुढं जात नाही, बूस्टच करावी लागते. नव्या माणसाला हे कळायला महिना जातो. आणि खाजगी निरोप कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणारा ठरवलं तर वाचू शकतो. घरगुती गोष्टी तिथं लिहू नका.

जुनं खातं मी पुसलेलं नाही. त्यावर शेवटची पोस्ट नव्या पत्त्याची आहे. साडेपाच हजारांतले एकतीस जण आले. त्यातल्या कुडाळच्या एका बाईंनी परवा इथं पहिला फोटो टाकला, ॲटलास पतंगाचा. खाली वर्णन होतं: "माझ्या पसरलेल्या तळहातापेक्षा मोठा. तुळशी वृंदावनाच्या कडेला बसलाय. डाव्या पंखाचं टोक फाटलेलं आहे, पण उडतो."