बिनसाखरेच्या गोळ्या, पूड आणि थेंब: काही महिन्यांच्या वापरानंतर

डबा घेताना पुढचं मोठं नाव सोडून मागची बारीक अक्षरं वाचा. एकाच नावाखाली वेगवेगळे स्वीटनर विकले जातात आणि आचेवर त्यांचं वागणं अगदी निराळं असतं. घटकांच्या यादीतल्या क्रमांकांत ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया.

अ‍ॅस्पार्टेमची गोळी उकळत्या चहात टाकली की रेणू तुटून गोडी उतरते. मग माणूस दुसरी टाकतो. चहा कपात गाळून घ्या, मगच गोळी घाला. सुक्रालोज खिरीत उकळलं तरी टिकतं. पण १२० अंशांच्या वर त्यातून क्लोरीनयुक्त घातक संयुगं तयार होऊ शकतात, असा इशारा जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये दिला. त्यामुळे केक-बिस्किटांत नको. स्टीव्हियाच्या थेंबांना ज्येष्ठमधासारखी मागची चव असते. लिंबू सरबतात ती दबते, दुधाच्या चहात अजिबात नाही.

श्रीखंडात खरी गंमत होते. साखर चक्क्यातलं पाणी ओढून त्याला सैल करते, शिवाय वजनही वाढवते. अर्धा किलो चक्क्यात सुक्रालोज घातलं तर श्रीखंड जेमतेम अर्धा किलोच होतं, आणि घट्ट. दोन-तीन चमचे दूध घालून फेटावं लागतं. पाकातल्या लाडवांचा नाद सोडा, तार येणारच नाही.

पुडीबद्दल माझी तक्रार आहे. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, म्हणजे चमचाभर पुडीत ते चिमटीएवढंही नसतं. बाकी बहुतेक वेळा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड, आणि ते रक्तातली साखर वाढवतं. मधुमेहींनी गोळ्या किंवा थेंब घ्यावेत.

सुरक्षिततेचं म्हणाल तर जेईसीएफए या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीची रोजची मर्यादा दर किलो वजनामागे अ‍ॅस्पार्टेमसाठी ४० मिग्रॅ, सुक्रालोजसाठी १५. साठ किलोच्या माणसाला अ‍ॅस्पार्टेम २,४०० मिग्रॅ. गोळीत १८ मिग्रॅ असेल तर १३३ गोळ्या! जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला '२ब' (कर्करोगकारक असण्याची शक्यता) गटात टाकलं, पण तो गट पुरावा किती भक्कम हे सांगतो, किती खाल्ल्यावर धोका हे नाही. जेईसीएफएने त्याच वेळी ४० ची मर्यादा कायम ठेवली. वजन उतरवायला स्वीटनर वापरू नका, हे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नव्हती. फिनाइलकीटोन्युरिया (फिनाइलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल शरीराला नीट वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांना मात्र अ‍ॅस्पार्टेम वर्ज्यच, कारण त्यातून फिनाइलअ‍ॅलनिन सुटतं.