किरकटवाडीत दहा महिने रेडिओ : पिको मशीन, टँकर आणि ७९२

माझं किरकटवाडीत फॉल-पिकोचं दुकान आहे. दिवसभर हात अडकलेले, डोळे सुईवर, मोकळे काय ते कान. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा त्या मोकळ्या कानांत व्हॉट्सॲपवरचं काय काय शिरलं! आधी चिकन बंद, मग पनीर बंद, शेवटी एका काकूंनी नळाच्या पाण्याने चूळसुद्धा भरायची नाही असं फर्मान काढलं. फेब्रुवारीत मी तपकीर गल्लीत जाऊन साडेनऊशेचा रेडिओ आणला. आता दहावा महिना चालू आहे, म्हणून लिहिते.

घेताना एवढंच बघा की मीडियम वेव्ह आहे ना. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागतं, मोबाईलमधला रेडिओ नुसता एफएमचा. दुकानदार ऐटीत लांब एरियल ओढून दाखवतो, पण मीडियम वेव्हला त्याचा काही उपयोग नाही. तिची अँटेना पेटीच्या आत आडवी असते, त्यामुळे आवाज खराब आला की अख्खा रेडिओच फिरवायचा. माझा दोऱ्यांच्या कपाटावर, दाराकडे थोडा तिरका ठेवला की स्वच्छ लागतो.

मुख्य भांडण आहे ते माझ्याच मशीनशी. पायाखालचं पेडल दाबलं की रेडिओत घर्रर्र! पिकोची मोटर सगळं बोलणं खाऊन टाकते. पहिल्या आठवड्यात एक डॉक्टर पाणी किती उकळायचं ते सांगत होते, आणि नेमक्या त्या वाक्याला मी साडीचा पदर ओढला. ऐकू आलं ते "पाण्याला उकळी आल्यावर..." आणि पुढे घर्रर्र. तेव्हापासून चर्चेच्या वेळेला हातशिलाईची कामं ठेवते. हुक, काज, तुरपाई. वरची एलईडी ट्यूबही गुणगुणते, पण ती बंद करून काज करायला माझे डोळे आता पंचविशीतले नाहीत.

रेडिओच का, तर खासगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. हवं तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायच्या. ट्रॅफिक, हवामान, पाणी येणार नाही अशा सूचना चालतात, पण पाणी का येणार नाही हे खोदून विचारायचं म्हटलं की अवघड. कम्युनिटी रेडिओ चांगलं बोलतात, पण त्यांच्या प्रक्षेपणाची ताकदच कमी ठेवलेली असते. विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे. औंधला बहिणीकडे गेले की ऐकते, आमच्या डोंगराआड ती काही येत नाही. पुण्याच्या सकाळी सात दहाच्या बातम्या तर माझ्या सासूबाई कुकर लावायच्या वेळेसाठी ऐकायच्या. जून २०२३ मध्ये हा वृत्तविभाग पुण्यातून हलवायचा निर्णय आला, आरडाओरडा झाला आणि स्थगिती मिळाली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं, हे कबूल करते.

वाटायला लागलं ते पाण्यामुळे. आमच्या गावासह तेवीस गावं २०२१ मध्ये महापालिकेत गेली. सरपंच गेले. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. म्हणजे तेव्हा आम्हाला नगरसेवकच नव्हता! धरण उशाशी आणि कोरड घशाशी, त्यात जाब विचारायला माणूस नव्हता. मग फोन-इन कार्यक्रम लागला की मी नंबर फिरवायची. कार्यक्रमाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सातव्या का आठव्या खेपेला लागला. समोर ब्लाउजसाठी ताटकळलेली गिऱ्हाईक, माझ्या कानाला फोन, आणि कपाटावरून माझाच आवाज दोन शब्द मागून येतोय. निवेदिका म्हणाल्या, "ताई, आधी तुमचा रेडिओ बंद करा." गिऱ्हाइकानेच खुर्चीवर चढून बंद केला.

मी विचारलं, टँकरचं पाणी तपासतं कोण? स्टुडिओत आलेले साहेब म्हणाले, तपासणी नियमितपणे होत असते. झालं उत्तर. पण तिथेच पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी साहेबांना न दुखावता सांगितलं की ग्रामपंचायत असताना ओटी टेस्ट व्हायची ती घरीही होते. पाण्यात ऑर्थोटोलिडिन नावाच्या रसायनाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळं होतं, नसेल तर नाही. हे मला फोन ठेवल्यावर गिऱ्हाइकाने रेडिओ परत लावला म्हणून कळलं. पुढच्या टँकरला आम्ही चौघी बाटली घेऊन उभ्या राहिलो. पाणी ढिम्म, जसंच्या तसं. आता बिल्डिंगच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची याचा हिशेब जिन्याखाली खडूने लिहिलाय.

अशी माणसं बोलायला आली की रेडिओचे पैसे वसूल. मीटरवाला, झाडणकाम करणारी बाई, बसचा कंडक्टर. नुसते साहेब आले की "सदर बाब विचाराधीन आहे" आणि मला जांभया. काही निवेदकांचं स्वागतच संपत नाही. पाहुण्यांच्या पदव्या वाचून होईपर्यंत माझे चार हुक लावून होतात, आणि खरा प्रश्न आला की वेळ संपलेली असते. उद्या विषय काय हे आदल्या दिवशी नीट सांगत नाहीत. हुकलेला भाग पुन्हा शोधायला गेले की कधी सापडतो, कधी नाही. मोबाईलवरच्या ॲपमध्ये घरघर नाही, पण ते रेडिओच्या बरंच मागून चालतं, त्यामुळे फोन-इनला कुचकामी.

सेलवर चालवलात तर दोन मोठे सेल मला दोनेक महिने पुरतात. वायरवर लावला तर मशीनची घरघर जास्त येते, म्हणून सेलच बरे.

गिऱ्हाइकांची कुरकुर आहेच. "वहिनी, दोन मिनिटांचं काम, मारा की पिको!" परवा ह्यांनी वैतागून पुठ्ठ्यावर लिहून दारात टांगलं : चर्चा चालू असताना पिको होणार नाही. काज-बटण होईल.