काझीचा शिक्का, पाटलाचा नांगर : एका अभ्यासवर्गाचा अनुभव

काझीचा न्याय आणि गावगाड्याचा रिवाज यांचा ऐतिहासिक संबंध उलगडणारा सहा संध्याकाळचा एक अभ्यासवर्ग नुकताच सदाशिव पेठेत झाला. दोन हजार रुपये शुल्क भरताना मनात धाकधूक होती, कारण या विषयावर बहुधा गोडवे तरी ऐकायला मिळतात किंवा गाऱ्हाणी तरी. येथे मात्र पहिल्याच दिवशी मोडी महजराची, म्हणजे सभेने दिलेल्या निवाड्याच्या कागदाची, छायाप्रत हाती पडली आणि शंका फिटली.

आदिलशाही अमलातील वतनाच्या (वंशपरंपरागत हक्काच्या) तंट्याचा निवाडा अध्यापकांनी ओळीने वाचून दाखवला. ‘हाजिर मजालसी’ (सभेला हजर असलेले) या शब्दांनंतर काझी, हवालदार, देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे, महाजन अशी नावे एकाच यादीत येतात आणि एकाच कागदावर काझीचा शिक्का व पाटलाची नांगराची निशाणी दिसते. शरियतीचे न्यायालय एकीकडे आणि गोतसभा (गावातील भाऊबंद व वतनदारांची सभा) दुसरीकडे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात वतनाच्या वादात साक्ष गोताची, रिवाज परगण्याचा आणि त्यावर काझीची मोहोर, अशी ती एकच बैठक होती. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढून खरेपणा सिद्ध करण्याच्या ‘रवादिव्य’ या परीक्षेला इस्लामी फिकहमध्ये (विधिशास्त्रात) पुरावा म्हणून स्थान नाही, तरी अशा मजलिशींसमोर दिव्याचा मार्ग निघत असे. वादी-प्रतिवादींनी ‘होईल तो निवाडा मान्य’ असे आधी लिहून द्यायचे, त्या कागदाला राजीनामा म्हणत. आज आपण त्या शब्दाचे काय केले आहे, हे सांगायला नको.

रामशास्त्री प्रभुणे यांच्यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. ती ऐकायला गोड, पण विषयाला काहीशी सोडून होती. पुण्यात ते टाळणे अवघडच म्हणा.

माझी खरी तक्रार शेवटच्या सत्राविषयी आहे. काझी आणि रिवाज यांची फारकत इंग्रजी अमलात झाली आणि नेमका तोच भाग चाळीस मिनिटांत उरकला गेला. बंगालमध्ये गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने 1772 साली वारसा, विवाह यांसारख्या बाबींत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लावला. मुंबई इलाख्यात मात्र गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या 1827 च्या संहितेने सरकारी नियम नसेल तेथे आधी देशरिवाज आणि तो न सापडल्यास प्रतिवादीचा कायदा, असा क्रम ठरवला. त्याच इलाख्यात 1847 साली न्यायमूर्ती पेरी यांनी खोजा या मुसलमान जमातीतील मुलींचा कुराणाधारित वारसाहक्क जमातीच्या रिवाजापुढे अमान्य केला. पुढे 1864 साली सरकारी न्यायालयांतील काझींची पदे रद्द झाली आणि 1937 च्या शरियत कायद्याने बहुतेक बाबींत रिवाज बाजूला सारला. शेतजमीन तेवढी वगळली. वतनाच्या महजरावर तीन संध्याकाळ घालवणाऱ्या वर्गाने ही शेतजमीन का वगळली गेली, यावर एक वाक्यही बोलू नये, याचे नवल वाटले.

पुढील वर्गाला जाणाऱ्यांनी सहाच्या ठोक्याला पोहोचावे आणि महजराचे देवनागरी लिप्यंतर पहिल्याच दिवशी मागून घ्यावे. मागितल्याशिवाय ते मिळत नाही आणि छायाप्रत फारच पुसट आहे.