नवी पेठेतील एक अभ्यासिका: वाचनासाठी उत्तम, लेखनासाठी अपुरी

स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून पुण्यात आलेली मुले-मुली कॉट बेसिसच्या (फक्त खाटेपुरत्या भाड्याच्या) खोल्यांत दाटीवाटीने राहतात, त्यामुळे आपले म्हणता येईल असे टेबल त्यांना अभ्यासिकेतच मिळते. मी सध्या नवी पेठेतील ज्या अभ्यासिकेत बसतो, तिचे मूल्यमापन त्यामुळेच नीट व्हायला हवे असे मला वाटते.

महिन्याचे शुल्क १,२०० रुपये आहे आणि तेवढ्यात मिळणाऱ्या सोयी चांगल्या आहेत. प्रत्येकाची जागा ठरलेली असल्यामुळे पहाटे येऊन वही टाकून टेबल अडवावे लागत नाही. लॉकर, इन्व्हर्टर आणि पिण्याच्या पाण्याची सोय आहे. मेसचा डबा खाण्यासाठी स्वतंत्र खोली आहे. शांतता तर मनापासून पाळली जाते. चालू घडामोडींवरचे वाद खाली चहाच्या टपरीवरच रंगतात.

अडचण टेबलाची आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी सविस्तर उत्तरे लिहिण्याची, करण्याच्या निर्णयावरून २०२३ मध्ये याच शहरात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि नवी पद्धत २०२५ पासून लागू करण्याचे ठरले. आता नऊ पेपर लिहायचे असतात आणि गुणवत्तेसाठी १,७५० गुण धरले जातात, म्हणजे सलग तीन तास लिहिण्याचा सराव हाच तयारीचा गाभा झाला आहे. येथील टेबले मात्र पर्याय निवडण्याच्या काळातली आहेत. पुस्तक उघडले की उत्तरपत्रिकेला जागा उरत नाही आणि लिहिताना कोपर दोन टेबलांमधल्या फळीवर आपटते.

मुलांसाठी अभ्यासिका रात्रभर उघडी असते, मुलींना मात्र रात्री दहाला उठावे लागते. कारण सुरक्षिततेचे दिले जाते, पण शुल्क दोघांना सारखेच आहे. रात्रीचा पहारेकरी आणि मुलींसाठी वेगळी खोली एवढी व्यवस्था करणे चालकांना अवघड नाही, म्हणून हा नियम मला अन्यायकारक वाटतो.

सर्वांत गंभीर गोष्ट जिन्याची. दिल्लीतील जुन्या राजेंद्रनगरमध्ये २७ जुलै २०२४ रोजी शिकवणी वर्गाच्या तळघरातील अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. आमची अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर असल्याने पाण्याचे भय नाही, परंतु आग लागली तर बाहेर पडण्यासाठी एकच अरुंद जिना आहे आणि त्यातही चपलांचे कप्पे ठेवलेले आहेत. ते हलवण्याची विनंती करूनही अद्याप काही झालेले नाही.

पूर्व परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना ही जागा मी सुचवेन. मुख्य परीक्षा लिहिणाऱ्यांनी अनामत भरण्यापूर्वी खिडकीलगतची रांग मागावी. तेथे मधल्या फळ्या नाहीत आणि दोन वह्या शेजारी शेजारी मावतात.