आजीवन वैध

माझं काम दुसऱ्यांचे कागद तपासायचं. कारखान्याच्या पर्यावरण विभागात नऊ वर्षं झाली. घातक कचरा न्यायला गाडी आली की वाहतूकदाराचा परवाना बघायचा, मुदत बघायची, माल शेवटी जिथे उतरणार त्या जागेला तो घ्यायची मुभा आहे का ते बघायचं, मगच फाटक उघडायचं. एकदा परवान्यावरच्या तारखेत खाडाखोड दिसली म्हणून मी रिकामी गाडी चार तास बाहेर उभी ठेवली होती. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून ‘अहो, जरा चौकशी करायला काय झालं होतं’ असं तुम्हाला वाटणार आहे. मलाही तेच वाटतं.

आमच्याकडे वरची एक जागा रिकामी होणार होती. पात्रतेत एक ओळ होती : पर्यावरण व्यवस्थापन किंवा सस्टेनेबिलिटीतलं व्यावसायिक प्रमाणपत्र असल्यास प्राधान्य. मी दोन संध्याकाळी इंटरनेटवर शोधाशोध केली, एका फॉर्मवर नंबर टाकला आणि तिसऱ्या दिवशी फोन आला.

बोलणारा माणूस तयारीचा होता. स्कोप वन, स्कोप टू, स्कोप थ्री ही कार्बन उत्सर्जन मोजायची भाषा त्याला येत होती. “सर, तुमचं प्रोफाइल आमच्या स्कॉलरशिप समितीने निवडलंय. साठ टक्के सवलत, पण आज रात्री बारापर्यंतच.” मग एका दमात तीन गोष्टी सांगितल्या : सर्टिफिकेशन आयएसओ १४००१ मान्यताप्राप्त आहे, संयुक्त राष्ट्रांच्या एसडीजीशी, म्हणजे शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांशी, संलग्न आहे, आणि आजीवन वैध आहे. रात्री साडेअकराला मी कार्डाने पैसे भरले. सवलत वजा जाऊनही दीड महिन्याचा पगार गेला.

त्या तिन्ही गोष्टींपैकी एकही खरी असूच शकत नाही, हे आज मी झोपेतही सांगेन. आयएसओ ही संस्था मानकं लिहिते. ती कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ना कारखान्याला ना माणसाला. १४००१ हे मानक १९९६ मध्ये आलं आणि ते संस्थेच्या व्यवस्थापन पद्धतीसाठी आहे. त्याचं प्रमाणपत्र कारखान्याला मिळतं आणि ते देते वेगळी प्रमाणन संस्था. माणूस त्या मानकाचं प्रशिक्षण घेऊ शकतो, लीड ऑडिटरचा कोर्स करू शकतो, पण ‘आयएसओ १४००१ प्रमाणित माणूस’ ही चीजच नाही. आमच्या स्वागतकक्षात कारखान्याचं सर्टिफिकेट चौकटीत लावलेलं आहे. रोज त्याच्यासमोरून जातो मी.

एसडीजीचं रंगीत चाक तर त्यांच्या प्रत्येक पानावर होतं. ती १७ उद्दिष्टं २०१५ मध्ये देशांनी मान्य केली. ती धोरणाची उद्दिष्टं आहेत, एखाद्या खासगी कोर्सवर मारायचा शिक्का नव्हे. गंमत म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे हवामानावरचे कोर्स यूएन सीसी लर्नवर फुकट आहेत, पूर्ण केले की प्रमाणपत्रही मिळतं. हे मला नंतर कळलं.

तिसरी गोष्ट, ‘आजीवन वैध’, मला सगळ्यात जास्त आवडली होती. एकदा पैसे भरले की कटकट संपली! माणसांना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ नावाचं मानक आहे. त्यात ठराविक काळाने पुनर्प्रमाणन अपेक्षित असतं, कारण नियम बदलतात, मानकं बदलतात आणि माणूस शिकलेलं विसरतो. ज्या कागदाला मुदत नाही तो फार तर कोर्स पूर्ण केल्याचा दाखला. एखाद्या वाहतूकदाराने मला ‘आजीवन’ परवाना दाखवला असता तर मी त्याला फाटकावरूनच परत पाठवला असता.

कोर्स म्हणजे आवाज दिलेल्या स्लाइड्स. शेवटी तीस प्रश्नांची परीक्षा, घरीच, कॅमेरा नाही, ओळखपत्र नाही, कितीही वेळा द्या. मी पहिल्याच फटक्यात ‘डिस्टिंक्शन’मध्ये पास झालो आणि खरंच खूश झालो. सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट आलं, त्यावर क्यूआर कोड. स्कॅन केला की त्यांच्याच साइटवर हिरवी खूण यायची : ‘सत्यापित’. स्वतःच्या चारित्र्याचा दाखला स्वतःच सही करून द्यावा, तसं. पण तेव्हा मी तो कोड घरातल्या सगळ्यांच्या फोनवर स्कॅन करून दाखवला होता.

मुलाखतीला बाहेरून एक ज्येष्ठ ऑडिटर मॅडम आल्या होत्या. आमच्याकडे आयएसओची फाइल क्वालिटीवाले सांभाळतात, माझं काम सांडपाणी आणि कचऱ्याचं. त्यामुळे मानकातलं मला जे येत होतं ते बहुतेक त्या कोर्समधूनच आलेलं. मी आत्मविश्वासाने सांगत गेलो, मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह नेमावाच लागतो, ऑपरेशनल कंट्रोल क्लॉज ४.४.६ मध्ये येतो, मग प्रिव्हेंटिव्ह ॲक्शन.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हे तुम्ही कुठल्या आवृत्तीवरून सांगताय?”

मला प्रश्नच कळला नाही.

“ही २००४ ची रचना झाली. २०१५ मध्ये सगळे क्लॉज बदलले. ऑपरेशनल कंट्रोल आता ८.१ मध्ये आहे. प्रिव्हेंटिव्ह ॲक्शनचा वेगळा क्लॉज राहिला नाही, ते जोखीम आणि संधींमध्ये गेलं. जुन्या आवृत्तीवरची प्रमाणपत्रं सप्टेंबर २०१८ नंतर चाललीच नाहीत. बरं, तुमचं हे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला अॅक्रेडिटेशन कुणाचं आहे?”

मी सर्टिफिकेटवरचं मान्यता देणाऱ्या संस्थेचं इंग्रजी नाव वाचून दाखवलं. त्यात ‘ग्लोबल’ही होतं आणि ‘कौन्सिल’ही. त्या काही बोलल्या नाहीत, वहीत एक ओळ लिहिली फक्त. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा ते काम केलं जे मला पगार देऊन सांगितलं जातं. मान्यता देणाऱ्या त्या ‘कौन्सिल’ची साइट उघडली. पत्ता कोर्सवाल्यांचाच. दोन्ही डोमेन एकाच आठवड्यात नोंदवलेली. ‘मान्यताप्राप्त संस्था’ या पानावर एकच नाव, त्यांचंच. खऱ्या व्यवस्थेत साखळी असते : माणसाला प्रमाणित करणारी संस्था, तिला १७०२४ प्रमाणे तपासणारी अॅक्रेडिटेशन संस्था, आणि अशा संस्थांचे एकमेकींना मानण्याचे आंतरराष्ट्रीय करार. हे करार तेव्हा सांभाळणाऱ्या संघटनेचं, इंटरनॅशनल अॅक्रेडिटेशन फोरमचं, नाव मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. तिथल्या यादीत ‘कौन्सिल’ नव्हतं.

मग एक वेडेपणा केला. परीक्षा पुन्हा उघडली आणि तीसच्या तीस प्रश्नांना पहिलाच पर्याय टिक केला, प्रश्न न वाचता. ८७ टक्के. डिस्टिंक्शन. नवं सर्टिफिकेट दोन मिनिटांत मेलवर.

पैशांचं लवकर आटोपतं. परताव्याची मुदत सात दिवस आणि तीही कोर्स उघडला नसेल तर. बँकेत कार्डाच्या व्यवहारावर हरकत घेतली, ती फेटाळली गेली, कारण समोरच्याने ‘सेवा दिली’ होती आणि अटींमध्ये बारीक अक्षरांत लिहिलं होतं : स्वतंत्र खासगी मान्यता, कोर्स पूर्णतेचा दाखला. आयएसओ, संयुक्त राष्ट्रं, आजीवन, हे सगळं फोनवर बोललं गेलं होतं. कॉल रेकॉर्ड नाही, मेल नाही. कुणी तुम्हाला असं काही सांगत असेल तर एवढंच म्हणा, “हे मेलवर लिहून पाठवा, आणि तुमच्या संस्थेचा १७०२४ चा अॅक्रेडिटेशन क्रमांकही.” मी नंतर दुसऱ्या एका अशाच फोनवर म्हणून बघितलं. “सर, सिनियरशी बोलून कळवतो.” अजून कळवतोय.

यात शिकवणारा आणि प्रमाणित करणारा एकच असेल तर तिथेच कान टवकारायला हवेत. शिकवणी घेणाऱ्यानेच पेपर काढला, तपासला आणि पदवीही दिली, असं ते होतं. ऑडिटरांची नोंदणी करणाऱ्या सीक्यूआय-आयआरसीए या संस्थेची मान्यता असलेला लीड ऑडिटर कोर्स हाही प्रशिक्षणच. तो पाच दिवस बसवतो, शेवटी खरी परीक्षा असते, लोक नापास होतात. आणि तो पास झालात म्हणून ऑडिटर म्हणून नोंदणी होत नाही, त्यासाठी प्रत्यक्ष ऑडिटचा अनुभव दाखवावा लागतो. इतकं कष्टाचं आहे म्हणूनच तर मी सोपा रस्ता धरला.

मधल्या काळात त्यांचे आणखी मेल आले. आधी ‘फेलो’ पदाचं आमंत्रण, शुल्कासह. मग ‘सस्टेनेबिलिटी लीडरशिप पुरस्कारा’साठी माझं नामांकन झाल्याचं अभिनंदन, ट्रॉफीचं शुल्क वेगळं. गेल्या महिन्यात कळवलं की माझ्या आजीवन वैध सर्टिफिकेटच्या डिजिटल बॅजचं नूतनीकरण थकलंय.

ती जागा दुसऱ्याला मिळाली, योग्य माणसाला मिळाली. त्याचं मला फार नाही. खुपतं ते वेगळंच. सर्टिफिकेट आल्याच्या आनंदात मी विभागातल्या दोन ज्युनियर मुलांना त्याच कोर्सला लावलं होतं, माझा रेफरल कोड देऊन. कोडामुळे त्यांना थोडी सूट मिळाली आणि माझ्या खात्यात थोडे पैसे जमा झाले. ते मी दोघांत वाटून दिले. एकीने न बोलता घेतले आणि सर्टिफिकेट बायोडेटातून काढून टाकलं. दुसऱ्याने पैसे घेतले नाहीत आणि सर्टिफिकेटही काढलं नाही. त्यामुळे त्याला एका ठिकाणी मुलाखतीला बोलावणं आलंय. मी म्हटलं, “अरे, काढ ते, तिथे कुणी विचारलं तर तोंडघशी पडशील.”

“सर,” तो म्हणाला, “घ्यायला तुम्हीच सांगितलं होतंत ना?”